ट्रॅक डे झाले, आता रेस करायची आहे: स्पेक मियाटाचा पहिला मोसम

प्रश्न थोडक्यात असा: «न्यू जर्सीत राहतो, वय ३८. दोन मोसम ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर स्पर्धेशिवाय गाडी चालवायचे दिवस) केले, इन्स्ट्रक्टरशिवाय चालवायची परवानगीही मिळाली आहे. आता क्लबच्या रेसमध्ये उतरायचं आहे. गाडी कोणती घेऊ, खर्च कुठे करू, आणि पहिल्या रेसला नवखे लोक नेमके कशात चुकतात?»

आधी गाडीचं. तुमच्या भागात नवख्याने स्पेक मियाटा घ्यावी, यावर माझं मत पक्कं आहे. माझ्दाची ही छोटी उघडी गाडी १९८९ मध्ये आली. रेसिंगच्या या वर्गात १९९० ते २००५ च्या गाड्या चालतात. सगळ्यांना एकच सस्पेन्शन किट, एकाच मापाचे २०५/५०-१५ टायर, ७ इंच रुंद चाकं. पुढच्या स्प्रिंग ७०० पाउंड प्रति इंच, मागच्या ३२५. चाकांपाशी ताकद सुमारे १२० अश्वशक्ती, म्हणजे आजच्या साध्या सेडानपेक्षाही कमी. शिकायला हेच हवं असतं. ताकद नसल्यामुळे कॉर्नरमध्ये गमावलेला वेग सरळ रस्त्यावर भरून निघत नाही, आणि चूक लगेच घड्याळात दिसते. शिवाय ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगांत, वीस-तीस गाड्या असतात. त्यामुळे शेवटून पाचवे असलात तरी शेजारी झुंजायला कोणीतरी असतं. एकट्याने फेऱ्या मारत बसलं तर त्यात रेसिंग शिकायला मिळत नाही.

तुमच्या आसपास दोन संस्था आहेत. एक एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, १९४४ पासूनची. दुसरी नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन, तिलाही नासाच म्हणतात. दोन्हींकडे स्पेक मियाटा आहे, पण ठरवलेला टायर आणि काही बारीकसारीक नियम वेगळे असतात. म्हणून गाडी घेण्याआधी कोणाकडे पळणार ते ठरवा आणि त्या वर्षीची नियमावली उतरवून घ्या. नासाच्या ट्रॅक डेच्या पायऱ्या पार केल्या असतील तर त्यांच्या रेसिंग स्कूलकडे जाणं सोपं. एससीसीएकडे सदस्यत्व, डॉक्टरच्या सहीचा वैद्यकीय फॉर्म, नवख्यांचं परमिट, मग ड्रायव्हर स्कूल असा क्रम आहे. वैद्यकीय फॉर्म सगळ्यात आधी भरा. डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत स्कूलच्या जागा भरलेल्या असतात.

गाडी स्वतः बांधू नका. रोल केज (ड्रायव्हरभोवतीचा पाइपांचा पिंजरा), सीट, किट, इंजिन, रंग अशी बेरीज करत गेलं की तयार गाडीच्या जवळपास दुप्पट पैसे जातात आणि पहिला मोसम गॅरेजमध्येच संपतो. चाललेली, लॉगबुक असलेली गाडी घ्या. लॉगबुक म्हणजे त्या गाडीची जन्मपत्रिका. प्रत्येक तपासणीची आणि मोठ्या धडकेची नोंद त्यात असते. ती पानं आधी वाचा आणि मग गाडीखाली झोपा. ईशान्येकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे दाराखालच्या पट्ट्या आणि मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा आतून कुजलेला असतो. वर ताजा रंग असेल तर तिथे बोटाने दाबून बघा. केजचे पाय जिथे तळाला वेल्ड केलेत तिथला पत्रा धड असायलाच हवा, त्याबाबतीत सवलत नाही.

इंजिनाची लीकडाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमधून किती टक्के हवा गळते त्याची मोजणी, विकणाऱ्यासमोर करून घ्या. चारही सिलिंडर १० टक्क्यांच्या आत असतील तर उत्तम. एखादा २० च्या जवळ गेला असेल तर नव्या इंजिनाचे पैसे किमतीतून वजा करा. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या १.६ इंजिनात क्रँकचं टोक आखूड आहे. तिथला बोल्ट सैलावला की पुली जागेवर धरणाऱ्या लोखंडी चावीची खाच खाल्ली जाते आणि क्रँकच बाद होतो. ओळखायचं कसं? क्रँक पुलीच्या तोंडावरच्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड टोक, आठ असतील तर पुढचं सुधारलेलं. याच १.६ ला मागचा डिफरेन्शियलही कमजोर येतो. १९९४ पासूनच्या १.८ गाड्यांतला टॉर्सन प्रकारचा डिफरेन्शियल जास्त टिकतो.

मीटरवर विसंबू नका. कारखान्यातून आलेला तापमानाचा काटा खूप मोठ्या टप्प्यात मध्यभागीच उभा राहतो. तो हलला तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो. १९९५ पासूनच्या गाड्यांत तेलाच्या दाबाचा काटाही नुसता ‘आहे’ किंवा ‘नाही’ इतकंच सांगतो. पाण्याच्या तापमानाचा आणि तेलाच्या दाबाचा खरा मीटर आणि दाब घसरला की पेटणारा मोठा लाल दिवा, या तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात बसवा. बाकीच्या सामानाची चौकशी त्यानंतर.

अंगावरच्या सामानात काटकसर नको. हेल्मेट स्नेल संस्थेच्या एसए, म्हणजे कार रेसिंगच्या, मानकाचंच हवं. मोटरसायकलचं एम मानकाचं चालत नाही, कारण आगीची आणि केजच्या पाइपवर पुन्हा पुन्हा आपटण्याची चाचणी एसएमध्येच होते. मान धरणारं उपकरण एसएफआय या रेसिंग सामानाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ३८.१ मानकाचं. अशा उपकरणाची, ‘हॅन्स’ची, कल्पना रॉबर्ट हबर्ड यांची, आणि ती रेसिंगमध्ये आणली त्यांचे मेहुणे, ड्रायव्हर जिम डाउनिंग यांनी. २००१ मध्ये डेटोनाच्या रेसमध्ये नॅस्कारचे ड्रायव्हर डेल अर्नहार्ट धडकेत मरण पावले, त्यानंतरच सगळ्यांनी ती मनावर घेतली. आगीपासून वाचवणारा सूट एसएफआय ३.२ए/५ चा घ्या. एकेरी कापडाचा ३.२ए/१ दुसऱ्या दर्जाच्या भाजण्यापासून सुमारे ३ सेकंद वाचवतो, /५ सुमारे १०. पट्टे सोडून, खिडकीची जाळी खाली टाकून, स्टिअरिंग काढून बाहेर पडायला तीन सेकंद पुरत नाहीत. घरी गॅरेजमध्ये पूर्ण पोशाखात, डोळे मिटून बाहेर पडायचा सराव करा आणि बायकोला किंवा मित्राला वेळ लावायला सांगा.

सीटच्या पट्ट्यांची मुदत तपासा. पट्ट्यांवर शिक्का आणि तारीख असते, ते किती वर्षं चालतात ते तुमच्या संस्थेच्या नियमावलीत बघा. जुनी गाडी घेतली की टेकमध्ये, म्हणजे संस्थेच्या सुरक्षा तपासणीत, पहिला नकार इथेच मिळतो. आवळायचा क्रमही महत्त्वाचा. आधी कमरेचा पट्टा, तोही पोटावर नव्हे तर कटीच्या हाडांखाली बसेल असा. मग मांड्यांमधले आणि शेवटी खांद्याचे. खांद्याचे आधी ओढले तर कमरेचा वर सरकतो आणि धडकेत आतड्यांवर येतो. खांद्याचे पट्टे मागे आडवे किंवा थोडे खाली, २० अंशांच्या आत जायला हवेत.

आता ज्या एका भागाने या गाडीत सगळ्यात जास्त लोकांचा मोसम वाया घालवला आहे त्याकडे येतो: पुढचा हब, म्हणजे पुढचं चाक ज्यावर बसतं तो भाग. मियाटाचा पुढचा हब आणि बेअरिंग एकच तुकडा आहे. चिकट टायर आणि कर्बवरचे धक्के यांच्यासाठी तो बनलेलाच नाही. पहिलं लक्षण आवाज नसतो, ब्रेकचं पेडल असतं. लांब कॉर्नरमधून बाहेर पडता, पुढच्या ब्रेकिंगला पाय ठेवता आणि पेडल अर्धं खाली जातं. दुसऱ्यांदा दाबलं की घट्ट. नवखा समजतो तेल उकळलं, आणि पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करायच्या आवारात) येऊन ब्लीड करत, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा आणि जुनं तेल काढत बसतो. पण उकळलेल्या तेलाचं पेडल मऊ होतं आणि दर फेरीला जास्त बिघडत जातं. इथे मात्र ते फक्त जोर पडलेल्या कॉर्नरनंतर लांबतं. कारण ढिल्या बेअरिंगमुळे डिस्क किंचित कलते आणि पॅडना कॅलिपरमध्ये मागे ढकलते. गाडी जॅकवर घ्या, चाक वर आणि खाली धरून हलवा. जराही खेळ जाणवला तर हब बदला, ‘आजची रेस काढू’ म्हणू नका. मोसमाच्या सुरुवातीला दोन्ही नवे, आणि ट्रेलरमध्ये एक जादा. रेसमध्येच असं झालं तर ब्रेकिंगच्या आधी सरळ रस्त्यावर डाव्या पायाने पेडलला हलकी टिचकी द्या, पॅड जागेवर येतात. मात्र रेस संपवण्यापुरताच हा उपाय.

ब्रेकचं तेल प्रत्येक वीकेंडच्या आधी ब्लीड करा. साध्या डॉट ४ साठी कोरड्या तेलाचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १५५. मोतुल आरबीएफ ६०० सारख्या रेसिंगच्या तेलाचा कोरडा ३१२ आणि ओला २०० च्या थोडा वर. म्हणजे महागडं तेलही मोसमभर तसंच ठेवलं तर नव्या साध्या तेलापेक्षा वाईट होतं. त्याच वेळी क्लचचा स्लेव्ह सिलिंडर बघा. रबरी टोपीखाली ओल दिसली तर बदला. भाग स्वस्त आहे, आणि तो जातो तो बहुतेक ग्रिडकडे निघताना.

अलाइनमेंट ओळखीच्या दुकानातून एकदा नीट करून घ्या आणि वर्षभर हात लावू नका. पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे ३ अंशांच्या आसपास, मागे त्याहून थोडा कमी, पुढे टो (चाकाच्या तोंडाची दिशा) किंचित बाहेर, मागे किंचित आत, आणि तुम्ही सीटवर बसलेले असताना कर्णवजन (समोरासमोरच्या तिरक्या दोन चाकांवरचं वजन) ५० टक्के. रोज तपासायची गोष्ट हवा. ट्रॅकवरून आत आल्याआल्या, हेल्मेट काढण्याआधी चारही टायरचा गरम दाब कोणाला तरी मोजायला सांगा आणि वहीत लिहा. चारही टायर अर्ध्या पीएसआयच्या फरकात यायला हवेत. ज्या टायरवर पळणार त्याच्या कंपनीने दिलेला गरम दाब हे लक्ष्य. थंडीच्या सकाळी आणि जुलैच्या दुपारी तिथे पोहोचायला सुरुवातीचा दाब वेगळा लागतो, आणि ते वहीच सांगते. चाकांचे नट टॉर्क रेंचने, प्रत्येक वेळी, गाडी जमिनीवर असताना.

वजन रेसनंतर मोजतात, ड्रायव्हरसकट. पेट्रोल गॅलनला सुमारे ६ पाउंड. अर्ध्या तासाच्या रेसला ही गाडी साधारण ४ गॅलन पिते. म्हणजे सुटताना वजन नेमकं नियमातल्या किमान वजनाइतकं असेल तर संपताना तुम्ही २४-२५ पाउंड हलके असाल. हा हिशोब चुकला तर मिळवलेली जागा वजनकाट्यावर जाते. टाकी फार रिकामी ठेवूनही चालत नाही, लांब कॉर्नरमध्ये पंपाला पेट्रोल मिळत नाही आणि इंजिन अडखळतं. संपताना पाव टाकी उरावी असं भरा, आणि वजनाचं शिसं त्याप्रमाणे बोल्ट करा.

इथपर्यंत गाडी झाली. आता तुमच्या प्रश्नाचा खरा भाग. ट्रॅक डेला पुढच्याने हात दाखवल्याशिवाय ओव्हरटेक नसतो. रेसमध्ये हात कोणी दाखवत नाही. पुढे जायचं की नाही हा निर्णय आणि त्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची, आणि तो शेजारी आला की त्याला रस्त्यावर जागा ठेवणं पुढच्याचं कर्तव्य. नियमांची भाषा संस्थेगणिक बदलते, गाभा हाच. नवख्याचा गोंधळ ‘शेजारी’ या एका शब्दावर होतो. वळायला सुरुवात होताना तुमचं पुढचं चाक त्याच्या दाराशी, त्याला तुम्ही दिसाल इतकं पुढे असेल तर तुम्ही शेजारी आहात. त्याच्या मागच्या बंपरशी नाक असेल तर नाही. तिथून आत घुसलात तर तो वळताना तुमची वाट बंद करणार, आणि दोष तुमचा. मन कच्चं असेल तर ब्रेक थोडा आधी सोडू नका, थोडा जास्त धरा, मागे राहा. त्याच्या मागे चिकटून बाहेर पडलात तर पुढच्या सरळ रस्त्यावर पुन्हा संधी मिळते.

कारण या वर्गात हवेचा ओढा फार मोठा आहे. एकामागे एक चिकटून पळणाऱ्या दोन मियाटा एकट्या मियाटापेक्षा फेरीला जलद जातात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, पुढे चार गाड्यांचा घोळका दिसत असताना शेजारच्याशी भांडू नका. तुम्ही दोघं कॉर्नरला जोडीने शिरता, दोघांचीही लाइन वाकडी होते, आणि प्रत्येक कॉर्नरला अर्धा सेकंद जातो. दोन फेऱ्यांत घोळका हवेच्या टप्प्याबाहेर गेला की तो परत मिळत नाही. आधी दोघं मिळून त्याला गाठा. भांडण शेवटच्या तीन फेऱ्यांत. घोळक्यात असताना पाण्याचं तापमान वाढेल, कारण रेडिएटरला समोरच्या गाडीची गरम, मोडलेली हवा मिळते. सरळ रस्त्यावर अर्धी गाडी बाजूला काढा, नाकाला ताजी हवा लागू द्या, ब्रेकिंगआधी परत या.

लाइम रॉक पार्कला हे सगळं दाटीवाटीने शिकता येतं. कनेक्टिकटमधला हा ट्रॅक १९५७ चा, जेमतेम दीड मैलाचा. शेजाऱ्यांनी कोर्टात जाऊन मिळवलेल्या मनाईमुळे तिथे रविवारी गाड्या धावत नाहीत, तेव्हा वीकेंडचं वेळापत्रक नीट वाचा. शेवटचा उताराचा उजवा कॉर्नर सगळं ठरवतो. तुम्ही उतारावरून शिरता तेव्हा गाडी हलकी असते, आणि तळाशी रस्ता वर उचलतो तिथे ती दाबली जाऊन पकड एकदम वाढते. नवखा हलक्या भागात घाबरून थ्रॉटल सोडतो, मागचा भाग सुटतो, आणि बाहेरच्या बाजूला मोकळी जागा थोडी. त्याऐवजी शिरण्याआधीच, सरळ असताना गरजेपुरता वेग कमी करा आणि तळापर्यंत उजवा पाय स्थिर ठेवा. मुख्य सरळ रस्ता याच कॉर्नरमधून सुरू होतो, म्हणून इथला प्रत्येक मैल प्रति तास पुढे टोकापर्यंत पुरतो. पण पहिल्या दोन फेऱ्यांत हा हिशोब विसरा. टायर थंड असतात, आणि जवळजवळ सगळे कॉर्नर उजवे असल्याने डावे टायर लवकर तापतात, उजवे उशिरा. पहिला डावा कॉर्नर येतो तेव्हा ज्या बाजूवर भार पडतो ते टायर अजून गारच असतात. तिथेच गाड्या फिरतात.

गाडी फिरलीच तर दोन्ही पाय खाली, क्लच आणि ब्रेक, आणि पूर्ण थांबेपर्यंत सोडू नका. ब्रेक लागलेली गाडी कुठे जाणार याचा मागच्यांना अंदाज येतो. सोडलात तर ती आडवी परत रस्त्यावर येते. चारही नाही, दोनच चाकं गवतात गेली तर स्टिअरिंग झटक्याने आत ओढू नका. चाकं सरळ करा, वेग उतरू द्या, मग सपाट कोनाने या. झटका दिला की डांबराला लागताक्षणी पुढचे टायर पकडतात आणि गाडी रस्ता ओलांडून आतल्या भिंतीवर जाते. मोठ्या दुरुस्त्यांचं मूळ बहुतेकदा पहिल्या चुकीत नसतं, ती अशी दुरुस्त करायला गेल्यात असतं.

सुरुवात चालत्या गाड्यांनी, दोन-दोनच्या रांगेत होते. एससीसीएत हिरवा झेंडा हलताच पुढे जायला मोकळीक, रेषेपर्यंत थांबायचं नसतं. डोळे पुढच्या बंपरवर ठेवू नका, दोन-तीन गाड्या पलीकडे बघा. पहिल्या कॉर्नरला मागच्या रांगांत पुढची गर्दी अकॉर्डियनसारखी आवळते, म्हणून नेहमीच्या खुणेच्या बरंच आधी ब्रेक करायची तयारी हवी. झेंडे पाठ असायला हवेत आणि झेंडेवाल्यांच्या जागाही. स्थिर पिवळा म्हणजे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. हलता पिवळा म्हणजे मोठा धोका, थांबायची तयारी. दोन पिवळे म्हणजे पूर्ण ट्रॅकवर ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्त्यावर तेल किंवा कचरा. काळ्यावर नारिंगी गोल तुमच्या नंबरसह दिसला तर तुमच्या गाडीत काहीतरी तुटलंय, आत या. एससीसीएत पांढरा म्हणजे पुढे संथ गाडी. टीव्हीवर शेवटच्या फेरीचा पांढरा बघून आलेले लोक इथे गफलत करतात. पिवळ्याखाली ओव्हरटेक केलंत आणि लक्षात आलं तर लगेच जागा परत द्या.

निळा, पिवळ्या पट्ट्याचा झेंडा दिसला तर जलद गाडी मागे आली आहे. तुमची लाइन, म्हणजे कॉर्नरमधून जायचा नेहमीचा मार्ग, सोडू नका. मदत म्हणून ऐनवेळी बाजूला सरकणारा नवखा जास्त धोकादायक, कारण जलद ड्रायव्हरने तुम्ही लाइनवरच राहाल असं धरून दुसरी बाजू निवडलेली असते.

खर्चाबाबत एकच सांगतो. पहिल्या वर्षीचं बजेट गाडीच्या किमतीवर नका मांडू, टायर, हब, पॅड, प्रवेश फी आणि ट्रेलरच्या पेट्रोलवर मांडा, आणि एका धडकेइतके पैसे वेगळे ठेवा. घरच्या गाडीचा विमा रेसिंगला लागू नसतो. ट्रॅक डेसाठी मिळणाऱ्या पॉलिसीही बहुधा स्पर्धा वगळतात. आरोग्य आणि आयुर्विम्याच्या कागदात मोटर रेसिंगचं कलम शोधा. नोकरीकडून मिळालेल्या पॉलिसीतही ते असू शकतं. गाडी घेण्याआधी खात्री करायची असेल तर एक वीकेंड भाड्याची तयार गाडी घ्या. बरेच दुकानदार गाडी, टायर आणि मेकॅनिक एकत्र देतात. मोडलं तर किती भरायचं ते लेखी घ्या.

समोर बघणारा कॅमेरा आणि जीपीएसवाला लॅप टाइमर लावा. कॅमेरा स्क्रूने बसवा, रबरी चोषकावर नको. धडकेचा वाद निघाला तर पुरावा होतो, आणि संध्याकाळी अभ्यास होतो. अभ्यासात सर्वांत जलद फेरी बघू नका. प्रत्येक कॉर्नरमधला किमान वेग सलग दहा फेऱ्यांत किती वरखाली होतो ते बघा. ताशी चार मैलांचा फरक दिसतो तो कॉर्नर तुम्हाला अजून कळलेला नाही. पुढच्या वीकेंडच्या सरावात तिथेच वेळ द्या, बाकीच्यांना हात लावू नका.

आता कॅलेंडर काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गाडी आणि वैद्यकीय फॉर्म, मार्चमध्ये पट्ट्यांच्या तारखा आणि वार्षिक टेक, वसंतात स्कूल. पहिली रेस स्कूलनंतर महिन्याच्या आत, शक्यतो त्याच ट्रॅकवर ठेवा. प्रवेश अर्जात ‘नवखा’ लिहा आणि मागच्या बंपरवर नवख्याची खूण लावायला सांगतील तिथे लावा. मागून येणारे तुम्हाला थोडी जास्त जागा देतात.